एकतीस मिनिटांचं अंतर

१

त्याला सगळे 'एकतीस' म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. कुणीही विचारावं, "काहो, पलीकडे जायला विमानाला किती वेळ लागतो?" की हा मान वरसुद्धा न करता म्हणायचा, "एकशे बारा किलोमीटर, एकतीस मिनिटं." एकोणीस वर्षं हेच. मग लोकांनी तरी दुसरं काय म्हणायचं?

विमानतळ म्हणायचा तो एवढासाच. एक धावपट्टी, एक लांबट खोली, तिच्यात चार बाकडी, दाराशी वजनकाटा. विमानही छोटं, नऊ उतारूंचं. त्यामुळे सामानाबरोबर माणसाचंही वजन करायचं आणि यादीत लिहायचं. नाव, वय, वजन, सामान. जाड बायका काट्यावर चढताना एकतीसकडे रागाने बघायच्या आणि तो भल्या माणसासारखा खिडकीबाहेर बघायचा.

दोन गावांच्या मधे खाडी होती. रस्त्याने वळसा घालून जायचं तर नऊ तास, हाडं खिळखिळी. म्हणून हे विमान. सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी पलीकडून दहा वाजून दहा मिनिटांनी सुटायचं. पलीकडचा माणूस फोन करून एकच शब्द बोलायचा, "सुटलं." दहा एक्केचाळीसला एकतीसने उलटा फोन करायचा, "उतरलं." हे दोघे एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत होते आणि एकमेकांचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगायची तर एकतीस थोडा आळशीही होता. सोमवारी सकाळी नोंदवही उघडायची आणि आठवडाभराच्या वेळा एकदमच लिहून मोकळं व्हायचं. सुटलं दहा दहा, उतरलं दहा एक्केचाळीस. तिन्ही दिवसांचं. त्याच्या आधीच्या म्हाताऱ्या कारकुनाने त्याला हे शिकवलं होतं. "लिहून ठेव रे. विमान काय, येतंच." आणि येतच होतं. दहा एक्केचाळीसचा फोनही तो बरेचदा धावपट्टीकडे न बघताच करायचा, चहाचा कप हातात घेऊन. यात कुणाचं काय जात होतं?

२

एका बुधवारी विमान दहा चव्वेचाळीसला उतरलं.

एकतीसने आधी भिंतीवरच्या घड्याळाला शिव्या घातल्या. मग मनगटावरच्या. दोन्ही बरोबर होती.

"काय कप्तान, वाटेत कुणाशी गप्पा मारत बसलात की काय?" त्याने पायलटला विचारलं.

कप्तान हा घुमा माणूस. त्याने आपलं घड्याळ पुढे केलं. "एकतीस मिनिटं. सेकंदाचाही फरक नाही."

त्याच्या घड्याळात दहा एक्केचाळीसच वाजले होते. ते तीन मिनिटं मागे होतं, एवढंच. कप्तानने तोंडातल्या तोंडात पुटपुटत ते पुढे केलं.

इंधन भरणाऱ्याला सगळे टाकीकाका म्हणायचे. त्यांनी टाकीत पट्टी बुडवून बघितली. "एकतीस मिनिटांचंच जळलंय रे. तीन मिनिटं काय वाऱ्यावर आलं?" असं म्हणून ते हसले. एकतीसही हसला. वहीत दहा एक्केचाळीस लिहिलेलंच होतं. खाडाखोड केली तर साहेब कारण विचारणार, आणि मग आठवडाभराचं आधीच लिहून ठेवलेलं दिसणार. तीन मिनिटांसाठी कोण हात दाखवून अवलक्षण करून घेतो?

शनिवारी दहा एकोणपन्नास झाले. उतारू कुणी नव्हता, टपालाच्या दोन थैल्या तेवढ्या होत्या. कप्तानने त्या आणून दिल्या आणि एकतीसने टपालवाल्याला फोन लावला.

"अहो, थैल्या न्यायला येताय ना?"

"चेष्टा करता का राव? मघाशीच नेल्या की. दाराशी ठेवल्या होत्या तुम्ही, काट्याजवळ. पावणेअकरासुद्धा वाजले नव्हते."

एकतीसने समोर बघितलं. दोन थैल्या त्याच्या पायाशी होत्या. यादीत दोनच होत्या. त्याने त्या उचलून कोठीत टाकल्या आणि कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी टपालवाला तणतणत आला. "लोक माझ्या जिवावर उठलेत. पाकिटावर पत्ता बरोबर, अक्षर बरोबर, तिकीट बरोबर. आणि आत? कोरा कागद! प्रत्येकात!"

एकतीसने कोठी उघडली. थैल्या तिथेच होत्या, गाठी तशाच. पण त्यात काही नव्हतं. नुसतं कापड, दोरीवर वाळत घालावं तसं हलकं. कुलूप त्यानेच लावलेलं होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात होती.

"उंदीर," तो म्हणाला. आपण काय बोलतोय हे त्याचं त्यालाच पटलं नाही. तरी टपालवाला गेल्यावर त्याने सवयीने वही उघडली आणि नव्या आठवड्याच्या वेळा लिहून टाकल्या. सोमवार, बुधवार, शनिवार.

३

त्या सोमवारी विमानात एकटीच उतारू होती, गणिताच्या बाई. वय एक्कावन्न, वजन अठ्ठावन्न, सामान एक छत्री. बाई महिन्यातून एकदा पलीकडे बहिणीकडे जायच्या आणि ऊन असो की सावली, लाल छत्री काखेत असायचीच.

दहा एक्केचाळीसला एकतीसने फोन उचलला, "उतरलं" म्हणाला आणि सहज खिडकीतून बाहेर बघितलं. फाटकाशी टॅक्सी उभी होती. मागच्या दारातून लाल छत्री आत जात होती.

त्याने धावपट्टीकडे बघितलं. धावपट्टी मोकळी होती.

विमान दहा अठ्ठावन्नला आलं. त्यातून बाई उतरल्या, काखेत छत्री. "अरे, माझी टॅक्सी कुठाय? सांगून ठेवलं होतं मेल्याला."

एकतीस फोनकडे वळला. त्याने टॅक्सीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाईंना घरी सोडून परत निघालो की. आज काही बोलल्या नाहीत बरं का. एरवी कान किटवतात."

बाईंना त्याने यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? शहाण्या बाईला असलं सांगायचं म्हणजे आपणच वेड्यात निघायचं. बाई रिक्षा करून गेल्या.

मंगळवारी सकाळी त्याने कचेरीचं दार उघडलं तर बाई पायरीवर बसल्या होत्या. कालचीच साडी. छत्री मांडीवर आडवी.

"माझ्या घराचं दार आतून बंद आहे," त्या म्हणाल्या. "मी एकटी राहते, तुला ठाऊक आहे ना?"

"हो बाई."

"मी कडी वाजवली. आतून कुणी तरी विचारलं, कोण आहे?" बाईंनी छत्री घट्ट धरली. "माझाच आवाज होता रे. मी म्हटलं, मी आहे. तर ती म्हणाली, मी घरातच आहे."

४

त्याने बाईंना आतल्या बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. पोलिसांत जाऊ म्हणाला. बाई म्हणाल्या, जाऊन आले. पोलीस घरी गेला, दार उघडलं, आत बाई होत्या, त्यांनी पोलिसाला बसा म्हटलं. मग बाहेरच्या बाईंना त्याने दम दिला.

उठताना बाईंचा तोल गेला. एकतीसने दंड धरून सावरलं आणि त्याचा हात थबकला. दंड हाताला लागत होता, पण त्यात काही नव्हतं.

"बाई, जरा काट्यावर उभ्या राहता?"

काटा एक्केचाळीसवर थांबला.

"बिघडलाय वाटतं," तो म्हणाला आणि स्वतः चढून बघितलं. एकाहत्तर. रोजच्याइतकंच.

बुधवारी तेवीस. त्या दिवशी विमान रिकामंच आलं, अकरा वाजून सहा मिनिटांनी. एकतीसला त्याचंही काही वाटलं नाही, त्याचं लक्ष बाकड्याकडे होतं. बाई फार बोलत नव्हत्या. मधेच तोंडाने पाढे म्हणायच्या, सतराचा, एकोणिसाचा, आणि मधेच अडायच्या. उभा जन्म पोरांना पाढे शिकवलेली बाई सतरा सत्तेवर अडत होती. टाकीकाकांनी त्यांच्यासाठी चहा आणला. कप बाईंनी उचललाच नाही, उचलवला नाही.

गुरुवारी सहा.

शुक्रवारी बाकड्यावर फक्त छत्री होती. एकतीसने ती उचलली, काट्यावर ठेवली, आणि काटा जागचा हलला नाही. तो मग बाकड्यावर बसला आणि खूप दिवसांनी रडला. चार दिवस रोज भेटलेल्या बाईंसाठी आपण काय केलं? पाणी दिलं आणि वजन केलं.

५

आणि शनिवारच्या यादीत त्याच्या लेकीचं नाव होतं.

लेक पलीकडच्या इस्पितळात परिचारिका होती. पाच महिने घरी आली नव्हती. तिच्या आईने पंधरा दिवस आधीपासून तिची खोली झाडायला घेतली होती. झाडलेलीच परत झाडत होती.

शुक्रवारी दुपारी त्याने लेकीला फोन केला. "उद्या येऊ नको. आलीस तर रस्त्याने ये."

"नऊ तास? बाबा, तुला काय झालंय? एकतीस मिनिटांचं अंतर आहे, अख्ख्या जगाला तूच सांगतोस."

"विमानाचं काही खरं नाही सध्या."

"म्हणजे काय? मोडलंय?"

"मोडलं नाहीये गं."

"मग?"

मग काय? वहीत मी लिहिलं की माणूस उतरतं, आणि खरं माणूस मागून येतं, आणि झिजतं? त्याने साहेबांना सांगून फेरी रद्द करवायला हवी होती. त्याने फोन उचललाही होता. पण पहिला प्रश्न येणार होता, वही आणा. वहीत तर सगळं दहा एक्केचाळीस. एकोणीस वर्षांचं खोटं एका प्रश्नात बाहेर येणार होतं. त्याला तेव्हा आपली नोकरी दिसली, राहतं सरकारी घर दिसलं, आणि एक पळवाटही दिसली. लिहिलंच नाही तर? लिहिल्याशिवाय कोण उतरणार?

"बरं, ये," तो म्हणाला. "ढब्बूबाई, सांभाळून ये."

"पंचवीस वर्षांच्या बाईला ढब्बू म्हणतोस, लाज नाही वाटत?" ती हसली आणि तिने फोन ठेवला.

त्याने वही उघडली. शनिवारच्या रकान्यात सोमवारीच लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात. उतरलं दहा एक्केचाळीस. त्याने त्यावर आडवी रेघ मारली. मग आणखी एक. कागद फाटेपर्यंत मारत राहिला, आणि मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

६

शनिवारी दहा दहाला फोन आला. "सुटलं. तुझीच पोरगी आहे बरं का, एकटीच. चोपन्न किलो, बॅग सात." पलीकडचा एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच इतकं बोलला.

दहा एक्केचाळीसला एकतीस दाराशी उभा होता. काट्याजवळ कुणी नव्हतं. फाटकाशी कुणी नव्हतं. त्याने भिंतीला डोकं टेकलं. झालं, सुटलो. आता विमान येईल, उशिरा का होईना, आणि त्यातून एकच ढब्बू उतरेल.

पलीकडच्याचा फोन वाजत राहिला. त्याने तो घेतला नाही.

अकरा वाजले. सव्वाअकरा. वायरलेसवर खरखर झाली आणि कप्तानचा आवाज आला, नेहमीसारखा सपाट. "खाडी ओलांडली. दहा मिनिटांत उतरतो."

"कप्तान, किती वेळ झाला निघून?"

"एकवीस मिनिटं."

साडेअकरा. परत खरखर. "खाडी ओलांडली. दहा मिनिटांत उतरतो."

"अहो, हे तुम्ही मघाशी म्हणालात!"

"मघाशी कधी? एकवीस मिनिटं झालीत निघून." आणि मागून, इंजिनाच्या आवाजातून, लेकीचा आवाज आला, "बाबा आहे का तिकडे? त्याला म्हणावं, भूक लागलीय."

टाकीकाका दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "अरे, टाकीत दीड तासाचं भरतात. दहा दहाला सुटलंय ना? अकरा चाळीसला संपणार. आणि खाली नुसता चिखल आहे."

अकरा अडतीस. तुमच्या-आमच्या पोटचं पोर असतं तर आपण काय केलं असतं, हे छातीठोकपणे सांगू नये. एकतीसने वही ओढली. बाई आठवल्या, पाढे आठवले, काटा आठवला. सगळं समजून उमजून त्याने लिहिलं. उतरलं, अकरा एकोणचाळीस. मग फोन उचलला आणि पलीकडच्याला तोच शब्द सांगितला.

मागे वजनकाट्याचा पत्रा वाजला. कुणी तरी त्यावर चढलं की वाजतो तसा.

तो वळला. लेक काट्यावर उभी होती, हातात बॅग, केस नीट बांधलेले. काटा एकसष्टवर होता. चोपन्न आणि सात.

धावपट्टी मोकळी होती. टाकीकाका तिच्याकडे बघत एकेक पाऊल मागे सरकत होते, पाठ दाराला लागली तेव्हा थांबले.

"आलीस?" एकतीस म्हणाला.

"आले," ती म्हणाली.

"कोण आलं?" त्याने विचारलं. "मी तुला काय म्हणतो? लहानपणापासून काय म्हणतो?"

ती छान हसली. लेकीचंच हसू. तिने यादीतलं आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग वय.

७

खरं म्हणजे तो गप्प बसला नाही. सोमवारी साहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं, आधीच लिहून ठेवण्यापासून.

साहेबांनी वही पुढे ओढली. "विमान उतरलं असं लिहिलंय."

"खोटं लिहिलंय साहेब."

"पलीकडेही उतरल्याची नोंद आहे. तुम्हीच फोन केलात. उतारू कुठाय?"

"घरी."

"सुखरूप?"

एकतीसने वहीतल्या फाटलेल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मग आकाशात काय शोधायचं हो? विमान उतरल्यावर कुठे गेलं, कुणी नेलं, ते बघू. पोलीस आसपासचे विमानतळ तपासतायत. आणि ही खाडाखोड कसली?"

खाडाखोडीबद्दल त्याला लेखी समज मिळाली. बाकी कशाबद्दल काही नाही. महिन्याभरात नवीन विमान आलं, नवीन पायलट आला, आणि तो बरोबर एकतीस मिनिटांत येतो.

घरी लेक आहे. परत जायचं नाव काढत नाही. आईला तर स्वर्ग हाती लागलाय. "अहो, किती शहाणी झालीय पोर. हट्ट नाही, उलटून बोलणं नाही," ती म्हणते. पुढचं ती हळू म्हणते, "पूर्वीचं काही काढलं की नुसती हसते, नाही का हो?" आणि लगेच दुसऱ्या कामाला लागते. पोरीच्या खोलीतून चालण्याचा आवाज येतो, भिंतीपासून भिंतीपर्यंत, सारख्याच अंतराने. रात्रंदिवस. एकतीस त्या खोलीत जात नाही.

तो कचेरीत सगळ्यांच्या आधी येतो. वायरलेसचा जुना संच त्याने टाकू दिलेला नाही. टाकीकाकांनी नोकरी सोडली, तेव्हा आता बरोबर कुणी नसतं. सव्वाअकराला खरखर होते.

"खाडी ओलांडली. दहा मिनिटांत उतरतो."

वही समोर असते. लेखणीही. परत एकदा लिहिलं तर येईलही खाली, कोण जाणे. पण खरी आली तर जाईल कुठे? घरी जाऊन कडी वाजवेल आणि आतून कुणी तरी विचारेल, कोण आहे? मग या बाकड्यावर येऊन बसेल. एक्केचाळीस, तेवीस, सहा. वर आहे तोवर ती चोपन्न आहे. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं झालंय त्याचं. म्हणून तो लेखणीचं टोपण काढतो आणि परत लावतो. रोज.

मग तिचा आवाज येतो. "बाबा, ऐकू येतंय का? बाहेर नुसतं पांढरं आहे रे. काहीच दिसत नाही. अजून किती वेळ?"

"अंतरच तेवढं आहे, ढब्बूबाई," तो म्हणतो. आवाज हलू देत नाही. "एकतीस मिनिटं."

"बरं," ती म्हणते. "आईला सांग, आलेच मी."